श्रेष्ठीचे धन आणि उपासकाचे दान : सह्याद्रीच्या शिलालेखांचा बोध

धन आणि धम्म यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न अभ्यासवर्गात आम्हांस वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा तरुण असतात. त्यांचे आजोबा गिरणीत, गोदीत, रेल्वेत किंवा नगरपालिकेच्या सफाई खात्यात राबले. वडील शिकले, नोकरीस लागले. आणि हे स्वतः अभियंते, डॉक्टर, अधिकारी वा व्यावसायिक झाले. घर झाले, गाडी झाली. मग एके दिवशी विहारात वंदना घेताना त्यांच्या मनात शंका उभी राहते की, ज्या तथागतांनी राजवैभवाचा त्याग केला त्यांच्यापुढे आपण ही मिळकत घेऊन कोणत्या तोंडाने बसावे? दुसरा एक वर्ग अगदी विरुद्ध टोकाला आहे. वर्षाकाठी विहाराला एक देणगी दिली आणि संगमरवरी पाटीवर नाव लागले की आपले कर्तव्य संपले, असे तो समजतो. पहिल्याला धनाचा संकोच वाटतो. दुसऱ्याला धनाने उत्तरदायित्वातून सुटका मिळाल्यासारखे वाटते. आमच्या मते या दोघांनाही उत्तर देणारा पुरावा आपल्या घराजवळच आहे. कार्ले, नाशिक, जुन्नर, कान्हेरी, कुडा येथील लेण्यांच्या भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या उपासकांनी आपापल्या दानाची नोंद ब्राह्मी लिपीत कोरून ठेवली आहे. प्रस्तुत लेखात पाली वाङ्मय, हे शिलालेख आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा विचार या तीन आधारांवर या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

दारिद्र्याचा गौरव धम्मात नाही

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. भिक्खूने सोने-चांदी स्वीकारू नये असा विनयाचा नियम आहे, म्हणून बौद्ध धम्म हा निर्धनतेचा धर्म आहे असे अनेकांना वाटते. परंतु तो नियम भिक्खूसाठी आहे. गृहस्थाला तथागतांनी जो उपदेश केला तो पूर्णपणे वेगळ्या स्वरूपाचा आहे.

कोलियांच्या प्रदेशात दीघजाणू नावाचा गृहस्थ भगवंतांना भेटला. आम्ही संसारी माणसे, मुलाबाळांच्या गराड्यात राहतो, चंदन लावतो, सोने-रुपे बाळगतो. आमच्यासारख्यांच्या हिताचे काही सांगावे, अशी त्याची विनंती होती. त्याला भगवंतांनी संसार सोडण्यास सांगितले नाही. उद्योग करून मिळवणे, मिळवलेले राखणे, चांगल्या माणसांची संगत धरणे आणि आय-व्ययाचा मेळ घालून समतोल जगणे, या चार गोष्टी त्यांनी प्रथम सांगितल्या. श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा या चार गोष्टी त्यानंतर आल्या. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. सिगालोवाद सुत्तात तर मिळकतीच्या वाटणीचे प्रमाणच दिले आहे. चार भाग करावेत. एक उपभोगासाठी, दोन उद्योगात घालण्यासाठी आणि चौथा अडीअडचणीच्या काळासाठी राखून ठेवण्यासाठी. म्हणजे निम्मी मिळकत पुन्हा उद्योगात गुंतवण्याचा हा उपदेश आहे. असा उपदेश करणारा धम्म धनाला पाप मानत होता असे कोणास म्हणता येईल?

अर्थात धनाला मर्यादाही घातल्या आहेत. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असे अंगुत्तर निकायात स्पष्ट म्हटले आहे. अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगताना धन असण्याचे सुख, ते भोगण्याचे सुख, ऋणमुक्तीचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख अशी गणना भगवंतांनी केली. आणि पहिली तीन सुखे एकत्र केली तरी ती चौथ्याच्या सोळाव्या अंशाएवढीही भरत नाहीत, असा निर्वाळा दिला. धन कसे मिळवले, हा प्रश्न धन किती मिळवले या प्रश्नाच्या आधी येतो.

दारिद्र्याकडे भगवंतांनी सामाजिक प्रश्न म्हणून पाहिले, हेही येथे नमूद केले पाहिजे. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात राजाने निर्धनांना धन पुरवले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या अशी कारणपरंपरा मांडली आहे. कूटदंत सुत्तात राज्यातील चोऱ्या-लुटालूट शिक्षेने थांबत नाही, त्यासाठी शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला पुरेसे वेतन द्यावे, असा उपाय सांगितला आहे. भिक्षेपेक्षा भांडवल देणे श्रेष्ठ, हा विचार येथे उघड दिसतो. पुढे शिलालेखांचा विचार करताना तो आपणांस पुन्हा भेटणार आहे.

मे १९५० मध्ये 'महाबोधि' या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात बाबासाहेबांनी धर्माच्या ज्या कसोट्या सांगितल्या, त्यांत धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये ही एक कसोटी होती. ज्याच्याजवळ आहे त्याने स्वेच्छेने सोडणे वेगळे. ज्याला कधी मिळूच दिले नाही त्याला तुझी गरिबीच धन्य आहे असे सांगणे वेगळे. ज्या समाजाला मनुस्मृतीने धनसंचयाचा अधिकारच नाकारला होता, त्या समाजातून आलेल्या महापुरुषाने ही कसोटी लावावी यात नवल ते काय?

अनाथांना घास देणारा

श्रावस्तीचा सुदत्त श्रेष्ठी अतिशय धनाढ्य होता. इतिहासाने मात्र त्याला त्याच्या धनावरून ओळखले नाही. अनाथांना पिंड, म्हणजे घास, देणारा तो अनाथपिंडिक, हेच त्याचे नाव झाले. राजगृहात व्यापारानिमित्त गेला असता त्याला भगवंतांचे दर्शन झाले आणि श्रावस्तीत संघासाठी जागा मिळवण्याचे त्याने ठरवले. जेत राजकुमाराचे उपवन त्याला पसंत पडले. भूमीवर नाणी अंथरल्याशिवाय ते मिळणार नाही असे राजकुमार म्हणाला, आणि सुदत्ताने गाड्या भरभरून नाणी आणवली. ही कथा आपल्या विहारांतून नेहमी सांगितली जाते. भारहुतच्या शिल्पातही ती कोरलेली आहे.

परंतु या कथेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. परंपरेनुसार पुढे अनाथपिंडिकाचे धन ओसरले. व्यापाऱ्यांना दिलेली कर्जे परत आली नाहीत. नदीकाठी पुरून ठेवलेला ठेवा पुरात वाहून गेला. तरीही त्याचे दान थांबले नाही. कण्यांची पेज आणि आंबील एवढेच आता घरी दिले जाते, असे त्याने भगवंतांना सांगितल्याचा उल्लेख अंगुत्तर निकायात आहे. त्यावर भगवंतांनी दिलेले उत्तर महत्त्वाचे आहे. दिलेली वस्तू साधी की उंची यापेक्षा ती आदराने, स्वहस्ते, विचारपूर्वक दिली की टाकून दिल्यासारखी दिली, यावर दानाचे मोल ठरते. कोट्यधीश सुदत्ताला आणि कण्यांची पेज वाढणाऱ्या सुदत्ताला धम्माने एकाच मापाने मोजले.

याच्या उलट उदाहरणही पाली वाङ्मयात आहे. श्रावस्तीतच एक निपुत्रिक श्रेष्ठी मरण पावला. त्याचे बेवारस धन राजा प्रसेनजिताने खजिन्यात आणवले. केवळ सोनेच ऐंशी लाख होते, असे संयुत्त निकायात म्हटले आहे. हा मनुष्य आयुष्यभर कण्या व आंबट पेज खाऊन राहिला, ताग-सणाची वस्त्रे नेसला आणि मोडक्या रथातून पानांचे छत्र धरून फिरला. भगवंतांनी त्याची साधी राहणी वाखाणली नाही. मनुष्यवस्तीपासून दूर असलेल्या तळ्याची उपमा त्यांनी त्याला दिली. पाणी स्वच्छ, शीतल, गोड. परंतु कोणी ते पीत नाही, कोणी त्यात स्नान करीत नाही, आणि शेवटी ते आटून जाते. स्वतः उपभोगले नाही, आईवडील, बायकामुले, नोकरचाकर, मित्र यांना सुखी केले नाही, श्रमणांना दिले नाही; असे धन राजा नेतो, चोर नेतो, आग नेते, पूर नेतो. कण्या अनाथपिंडिकाच्याही घरी होत्या आणि याच्याही घरी होत्या. दोघांतील अंतर कण्यांत शोधून सापडणार नाही.

शिळेवर कोरलेली नावे

आता ग्रंथांतून लेण्यांकडे वळू. ग्रंथातील कथेला परंपरेचा रंग चढलेला असू शकतो. शिलालेख मात्र त्या त्या दात्याच्या काळी कोरलेला असतो. सह्याद्रीतील लेणी घाटवाटांच्या तोंडाशी आहेत, ही गोष्ट अभ्यासकांनी फार पूर्वी दाखवून दिली. कार्ले बोरघाटाजवळ, नाशिक थळघाटाजवळ, जुन्नर नाणेघाटाच्या माथ्याशी आणि कान्हेरी सोपारा-कल्याण या बंदरांच्या सान्निध्यात आहे. कोकणच्या बंदरांतून देशावर आणि देशावरून बंदरांकडे जो माल जात होता, त्याच मालाच्या वाटेवर भिक्खूंचा वर्षावास होता. व्यापार आणि विहार यांचे नाते असे भूगोलातच रुजलेले होते.

कार्ल्याचे चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्ण करविले. वैजयंती म्हणजे कर्नाटकातील आजचे बनवासी. जंबुद्वीपात हे शैलगृह सर्वोत्तम आहे अशा अर्थाचे शब्द त्याने कोरविले आहेत, आणि तेथे उभे राहिल्यावर ती बढाई आहे असे कोणास वाटत नाही. परंतु चैत्यगृह एकट्या भूतपालाचे नाही. दारासमोरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचे दान आहे. धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने एका दरवाजाचे दान दिले. त्याच धेनुकाकटचा सामी नावाचा सुतार, वेणुवासाचा पुत्र, याने दरवाजाचे काम केले. आणि त्याचेही नाव भिंतीवर आहे. वेदिकेची नक्षी कोडी नावाच्या भिक्खुणीचे दान असून ती कोरणाऱ्या नंदिकाचे नावही सोबत दिले आहे. आतील अनेक स्तंभांवर यवन उपासकांची नावे आहेत. कोंडाण्याच्या लेण्यात तर कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, असे कारागिराचेच नाव मुखदर्शनी वाचावयास मिळते.

दात्यांची ही यादी पुढे नेली तर तत्कालीन समाजच डोळ्यांपुढे उभा राहतो. कुडा येथे कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी महिक आहे, शिवप्रीत नावाचा माळी आहे, सोमदेव नावाचा वैद्य आहे. जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. एका यवनाने भोजनमंडप दिला. नाशिकला मुगुदास नावाच्या कोळ्याने आपल्या परिवारासह लेणे दिले. मासेमारी करणाऱ्याचे दान संघाने स्वीकारले आणि त्याचे नाव राजघराण्यांच्या नावांशेजारी त्याच डोंगरावर कोरले गेले. त्या लेण्यातील भिक्खूच्या चीवरासाठी दुसऱ्या एका उपासकाने शेतही दिले. माळी, कोळी, सुतार, लोहवणिक, वैद्य, श्रेष्ठी, यवन, भिक्खुणी, राणी ही सर्व नावे एका पंक्तीत आणणारी दुसरी कोणतीही संस्था त्या काळी या भूमीवर होती, असे आम्हांस दिसत नाही.

अक्षयनीवी

या सर्व लेखांत आजच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद लेख नाशिकच्या दहाव्या लेण्यात आहे. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई, दीनिकाचा पुत्र उषवदात याने ते लेणे चातुर्दिश संघाला दिले आणि वर्ष ४२ मध्ये तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी स्थापन केली. नीवी म्हणजे मुद्दल. जिचे मुद्दल कधीही मोडावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे, ती अक्षयनीवी.

ही रक्कम उषवदाताने भिक्खूंच्या हाती दिली नाही. विनयाप्रमाणे ती देता येत नव्हती. ती गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींत ठेवण्यात आली. दोन हजार एका श्रेणीत दरमहा शेकडा एक या दराने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीत दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत मागावयाचे नाही, व्याज तेवढे भोगावयाचे, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. वाचकांनी हिशेब करून पाहावा. दोन हजारांचे व्याज दरमहा वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खूंचे प्रत्येकी बारा, म्हणजे दोनशे चाळीस. एक कार्षापण शिल्लक नाही, एक कमी नाही. दुसऱ्या हजाराचे वार्षिक व्याज नव्वद कार्षापण होते. ते भिक्खूंच्या इतर किरकोळ गरजांसाठी नेमून दिले होते. हा सर्व व्यवहार निगमसभेत जाहीर करण्यात आला आणि फलकावर नोंदविण्यात आला. दान दिले, एवढ्यावर भागले नाही. ते जाहीर झाले, नोंदले गेले आणि पुढच्या पिढीला हिशेब तपासता यावा म्हणून दगडावर कोरले गेले.

या योजनेतून कोणाकोणाचे हित साधले? भिक्खूला चीवर मिळाले, हे उघड आहे. परंतु त्याबरोबरच विणकरांच्या श्रेणीला मागे, सूत आणि कच्चा माल यांसाठी कायमचे भांडवल मिळाले. दात्याची श्रद्धा, कारागिराचा रोजगार आणि संघाची गरज ही तिन्ही एकाच व्यवहारात बसली. कूटदंत सुत्तात सांगितलेला भांडवल देण्याचा उपाय येथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. जुन्नरच्या लेखांतही बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकारांच्या श्रेणींत अशी गुंतवणूक केल्याचे उल्लेख आहेत. बुरुडाच्या श्रेणीवर विहाराचा पैसा विश्वासाने सोपवला जात होता, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

नाशिकचाच दुसरा एक लेख आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने गोवर्धन येथील कुंभार, जलयंत्रे करणारे, तेली इत्यादींच्या श्रेणींत अक्षयनीवी ठेवली. हेतू कोणता? त्रिरश्मी पर्वतावरील विहारात राहणाऱ्या, चारही दिशांतून आलेल्या भिक्खुसंघातील आजाऱ्यांना औषध मिळावे, हा. तिने मूर्ती घडवली नाही, स्तंभ उभारला नाही. तिला आजाऱ्याचे अंथरुण दिसले. जो आजाऱ्याची सेवा करील तो माझी सेवा करील, या अर्थाचा तथागतांचा उपदेश विनयपिटकात आहे. तो या उपासिकेने नेमका कृतीत आणला, असे आम्हांस वाटते.

दानाची दुसरी बाजू

इतिहास लिहिताना केवळ गौरव करून भागत नाही. उषवदाताच्या लेखांत त्याच्या इतर दानांचीही यादी आहे. तीन लाख गाई, देव आणि ब्राह्मण यांना सोळा गावे, वर्षाला एक लाख ब्राह्मणांना भोजन! संघाला दिलेले लेणे हे त्याच्या पुण्यसंचयातील एक कलम होते. तो राज्यकर्ता होता. त्याच्या धनाचा उगम करांत आणि लढायांत होता. अशा दात्याची आणि धेनुकाकटच्या सुताराची श्रद्धा एकाच तराजूत घालता येणार नाही. तथापि त्याच उषवदाताने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, विहिरी-तळी खोदविली, पाणपोया घातल्या आणि डहाणू, दमण, तापी इत्यादी नद्यांवर फुकट उतारासाठी नावा ठेवल्या, हेही तेवढेच खरे. भारा वाहून नेणाऱ्या हमालाला त्या नावेत बसण्यासाठी पदरचे नाणे मोजावे लागले नसेल. लोकोपयोगी काम आणि पुण्याचा लोभ एकाच माणसात नांदू शकतात; त्यांपैकी काय उचलावे हे आपण ठरवावयाचे असते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पुढच्या शतकांत व्यापार मंदावला, श्रेणी दुबळ्या झाल्या आणि मोठे विहार राजांनी दिलेल्या गावांच्या महसुलावर जगू लागले. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या इ-त्सिंगने नालंदेच्या मालकीची दोनशेहून अधिक गावे असल्याचे लिहिले आहे. नालंदेच्या विद्येचा आम्हांस अभिमान आहे. परंतु जेव्हा विहाराला कोळ्याच्या, माळ्याच्या, सुताराच्या लहान दानाची गरज उरत नाही, तेव्हा विहार आणि वस्ती यांच्यातील धागाही सैल होतो. राजाश्रय गेला आणि आक्रमणे झाली, तेव्हा विहाराला आपले म्हणणारा उपासक आसपास फारसा उरला नव्हता. धम्माच्या ऱ्हासाचे हे एकमेव कारण नव्हे. पण हे कारण आपल्या दृष्टीने विचार करण्यासारखे निश्चित आहे.

उपासक दुरावण्याची ही खंत प्राचीन आहे. मृत्युशय्येवरील अनाथपिंडिकाला सारिपुत्तांनी अनासक्तीचा सखोल उपदेश केला, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. इतकी वर्षे शास्त्याची सेवा केली पण असा उपदेश कधी ऐकला नव्हता, असे तो म्हणाला; आणि श्वेतवस्त्रधारी गृहस्थांनाही असा उपदेश मिळावा, अशी विनंती त्याने केली. ज्याने जेतवन दिले त्याला धम्माचा गाभा अखेरच्या दिवशी ऐकावयास मिळाला! 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी नेमका या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. भिक्खूसाठी संघदीक्षा होती, परंतु उपासकासाठी स्वतंत्र धम्मदीक्षा नव्हती, ही उणीव त्यांनी ऱ्हासाच्या कारणांत मोजली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो गृहस्थांना एकाच वेळी दीक्षा देऊन आणि बावीस प्रतिज्ञा देऊन त्यांनी ती उणीव भरून काढली. त्या प्रतिज्ञांत दहा पारमितांचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि दहा पारमितांत पहिली पारमिता दान ही आहे.

पोढी आणि चवदार तळे

कान्हेरीच्या डोंगरावर लेण्यालेण्यांशी पाण्याची टाकी खोदलेली आहेत. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. त्यांपैकी एक पोढी कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराचे दान आहे. सोने घडवणाऱ्याने पाणी दिले. वर्षावासात साठलेले हे पाणी उन्हाळ्यात कोणी प्यावे यावर जातीचा पहारा नव्हता, कारण चातुर्दिश संघात शिरताना जात बाहेर गळून पडत होती.

कोकणात महाडच्या वेशीजवळ पाले येथेही बौद्ध लेणी आहेत. त्याच महाडमध्ये २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. तळे सार्वजनिक होते, पाणी भरपूर होते. परंतु माणसांच्या एका मोठ्या समूहाला ते बंद होते. श्रावस्तीच्या कृपण श्रेष्ठीला भगवंतांनी दिलेली उपमा येथे आठवल्यावाचून राहत नाही. त्या उपमेतील तळे निदान निर्जन रानात होते. महाडचे तळे भर वस्तीत होते, तरी तहानलेल्यासाठी ते रानातल्या तळ्यासारखेच ठेवले गेले होते. ज्या भूमीत सोनार पोढी दान करीत होता, त्याच भूमीत पाण्याला कुलूप लागले. धम्म गेल्यानंतर काय गेले, हे समजून घ्यावयाचे असेल तर कान्हेरी आणि महाड ही दोन नावे शेजारी शेजारी ठेवावीत.

विसावा हिस्सा

बाबासाहेबांनी धन आणि धम्म यांचा प्रश्न आकड्यात सोडवला. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्याचा निश्चय करावा, असे त्यांनी सांगितले. तेव्हाच्या रुपयात सोळा आणे होते. रुपयाचा विसावा हिस्सा एक आणाही भरत नाही. ज्यांच्यापुढे ते बोलत होते त्यांपैकी बहुसंख्य शेतमजूर, विडी कामगार, गिरणी कामगार होते. अनेकजण भाकरी बांधून पायी आलेले होते. तरीही हिस्सा मागितला. कारण ज्याच्याकडून काहीच मागितले जात नाही तो केवळ लाभार्थी राहतो, उपासक होत नाही. मागणी प्रमाणात होती, म्हणून मजुराला ती जड नव्हती आणि श्रीमंताला त्यातून पळवाट नव्हती. शंभर मिळवणाऱ्याने पाच आणि लाख मिळवणाऱ्याने पाच हजार द्यावेत. कण्यांची पेज आणि नाण्यांच्या गाड्या यांना एक माप लावणारी भगवंतांची दृष्टी येथे आधुनिक हिशेबात उतरली आहे.

ही मागणी करण्यापूर्वी काय करावे हे त्यांनी स्वतः दाखवून दिले होते. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादचे महाविद्यालय, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले; या संस्था म्हणजे आधुनिक अक्षयनीवीच होत. त्यांचे मुद्दल विद्या, आणि व्याज म्हणजे शिकून बाहेर पडलेल्या पिढ्या. २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी देहू रोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, ती ज्या पुणे-मुंबई मार्गावर आहे त्याच मार्गावर पुढे कार्ल्याचे चैत्यगृह आहे. भूतपालाच्या काळानंतर खंडित झालेली दानाची परंपरा तेथील कामगारांनी आपल्या तुटपुंज्या पगारातून पुन्हा जोडली.

आणि म्हणूनच १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांनी आपली निराशा केली, अशी जी व्यथा त्यांनी बोलून दाखवली, ती आम्हांस आजही अस्वस्थ करते. ज्यांचे शिक्षण समाजाच्या लढ्याच्या व्याजातून झाले, त्यांनीच मुद्दल बुडवले तर पुढच्या पिढीने कोणत्या श्रेणीकडे जावे?

आजचे कर्तव्य

येथवरच्या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, सम्यक मार्गाने मिळवलेल्या धनाचा उपासकाने संकोच बाळगण्याचे कारण नाही. उद्योग करणे आणि धन वाढवणे हा त्याचा धम्मच आहे. दुसरी, श्रद्धा आणि दान यांना जोडणारा दुवा म्हणजे नियमितपणा व हिशेब होय. लहरीने दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा प्रमाणात, दरमहा आणि नोंद ठेवून दिलेला हिस्सा अधिक टिकतो. तिसरी, दानाची उत्तम जागा दात्याच्या नावाच्या पाटीवरून ठरत नाही; ती गरजवंताच्या गरजेवरून ठरते. विष्णुदत्तेला आजाऱ्याचे औषध सुचले, सामिदत्ताला पाणी सुचले. आपणांस काय सुचते?

आज आपल्या वस्त्यांत विहार आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. परंतु विहाराच्या फरशीवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग जर त्या वस्तीतील मुलीच्या वसतिगृहाच्या शुल्कासाठी, रुग्णाच्या औषधासाठी किंवा लहान धंदा उभारणाऱ्या तरुणाच्या भांडवलासाठी अक्षयनीवी म्हणून ठेवला, तर नाशिकच्या दहाव्या लेण्यातील योजना आजही जशीच्या तशी चालू शकते. मुद्दल मोडावयाचे नाही. व्याजाचा विनियोग आधी ठरवावयाचा. तो सर्वांसमक्ष जाहीर करावयाचा आणि विहाराच्या भिंतीवर सर्वांना वाचता येईल असा लिहावयाचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या उपासकांना हे जमत होते. बँक, नोंदणी कायदा आणि लेखापरीक्षण हाताशी असताना आपणांस न जमण्याचे कारण दिसत नाही.

अभ्यासवर्गात प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगतो की, तू मिळवलेस यात वावगे काही नाही. या रविवारी कार्ल्याला जा. स्तंभांवरची अक्षरे पाहा. ती ज्यांनी कोरविली ते तुझ्यासारखेच मिळवते गृहस्थ होते. परत आल्यावर आपल्या पगाराचा विसावा हिस्सा किती होतो, ते कागदावर मांड, आणि पहिल्या महिन्याचा हिस्सा कोणाच्या गरजेला पोहोचवावयाचा, हे विहारातील चार माणसांना बरोबर बसवून ठरव.